गुलमोहराला एक मोसम द्या: व्यवस्थापन समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

वादळ ओसरताच सूचना फलकावर कागद लागला. त्यात एकच वाक्य आहे: 'आवारातील धोकादायक झाडे बुंध्यापासून काढण्यात येतील.' कुठली झाडं, ती धोकादायक कोणी ठरवली, कशावरून ठरवली, यातलं काहीच त्यात नाही. वाऱ्याचा मार खाल्लेली झाडं आपल्याकडे चार आहेत आणि चौघांची दुखणी वेगवेगळी आहेत. फाटकाजवळचा गुलमोहर, पाण्याच्या टाकीच्या बाजूचा सोनमोहर, मागच्या भिंतीलगतचा कोवळा बहावा आणि जिन्यापाशी मोडलेला पांढरा चाफा. चौघांना एकच उपाय लागू पडणार नाही, एवढं तरी झाडांशी कधी संबंध न आलेल्यालाही पटावं.

'झाडवेड्या बाईंचं पत्र' म्हणून हा कागद बाजूला सारला जाऊ नये, यासाठी आधी तुमच्या बाजूचं बोलते. सोनमोहर काढावाच लागेल, आणि लवकर. त्याच्या फांद्या जवळपास शाबूत आहेत, पानं हिरवी आहेत, त्यामुळे चौघांत तोच ठणठणीत असल्याचा काहींचा समज झाला आहे. पण त्याच्या बुंध्याभोवतीची जमीन बघा. तो टाकीकडे कलला आहे आणि नेमकी विरुद्ध बाजूची माती वर उचलली गेली आहे. तिला कमानीसारखी भेग पडली आहे आणि जरा वारा सुटला की ती भेग उघडते, मिटते. म्हणजे त्या बाजूची धरून ठेवणारी मुळं तुटली आहेत. एवढं मोठं झाड दोर लावून ओढलं आणि सरळ केलं तरी तुटलेली जाड मुळं सांधली जात नाहीत. अशा झाडासाठी मी हट्ट धरणार नाही.

मात्र तो का कलला याची नोंद इतिवृत्तात व्हावी. माती उचलली गेली त्याच बाजूने, बुंध्याला जवळजवळ घासून, पाइपलाइनचा चर खणला गेला होता. झाडाची मुळं जमिनीत सरळ खोल जातात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या साधारण ६० सेंटिमीटर मातीतच असतात आणि आडवी, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. चर बुंध्याजवळून गेला तेव्हाच सोनमोहराचा त्या बाजूचा आधार गेला. उरलेलं काम वाऱ्याने केलं. पुढे कधी पाइप टाकायचे असतील तर चर वळवून न्या, किंवा मुळांच्या खालून बोगदा काढा. खर्च थोडा वाढेल, पण टाकीवर झाड पडण्याच्या खर्चापेक्षा कमीच असेल.

आता गुलमोहर, ज्याच्यासाठी हे पत्र लिहिलं.

त्याच्या तीन मुख्य फांद्यांपैकी फाटकाकडची एक मोडली आहे आणि सालीच्या पट्ट्यावर लोंबकळते आहे. मोडताना तिने खोडाची सालही हातभर सोलून नेली. उरलेल्या दोन मुख्य फांद्या जागेवर आहेत, पण त्यांच्यावरची पानं वाऱ्याने ओरबाडून नेली आहेत आणि टोकाकडच्या बारीक काटक्या ठिकठिकाणी पिचल्या आहेत. दृश्य भयाण आहे, मान्य. पण झाड वाचण्यासारखं आहे की नाही हे दृश्यावरून ठरत नाही. त्याचे साधे ठोकताळे आहेत. वादळाआधी झाड निरोगी होतं का? मुख्य खोड उभं चिरलं आहे का? फांद्यांचा निदान अर्धा घेर उरला आहे का? खोडाची साल परिघाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त सोलली आहे का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण पानांनी तयार केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरतं ते सालीच्या आतल्या थरातून. साल चहूबाजूंनी गेली तर वरचं झाड हिरवं असतानाच खाली मुळांची उपासमार सुरू होते.

या चारही प्रश्नांत आपला गुलमोहर उत्तीर्ण होतो. बुंध्याशी कुठे अळंबी किंवा लाकडावर उगवणारी कडक टोपीसारखी बुरशी दिसत नाही, खोडाला भेग नाही, पायथ्याची जमीन घट्ट आहे. हे मी जमिनीवर उभं राहून पाहिलेलं आहे. वर चढून, लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का हे जाणकाराने पाहावं आणि त्याने लेखी सांगावं. त्याने 'आतून पोखरलं आहे' असं लिहून दिलं तर मी हे पत्र मागे घेईन. पण तो जाणकार लाकूड नेण्यासाठी आलेला नसावा. 'पैसे देऊ नका, लाकूड मी घेऊन जातो' असं म्हणणाऱ्या माणसाला झाड उभं ठेवण्यात रस कसा असेल? आपल्याकडे आतापर्यंत फक्त त्याचंच मत घेतलं गेलं आहे.

पानं नाहीत म्हणून झाड मेलं, हे वाक्य गेले काही दिवस लिफ्टपासून पार्किंगपर्यंत ऐकू येतं आहे. एखाद्या बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहा. खाली ओला हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर तेवढी फांदी गेली. टोकाला कोरडं लागलं म्हणून थांबू नका, थोडं मागे सरकून पुन्हा पाहा. वादळाने पानं नेली तरी खोडात आणि मुळांत पिठूळ अन्नाचा साठा असतो आणि त्याच्या बळावर झाड नवी पालवी काढतं. कधीकधी तर भलतंच घडतं. २०१८ च्या शरद ऋतूत जपानमध्ये ठिकठिकाणी चेरीची झाडं अवेळी फुलली. कळ्यांना वसंतापर्यंत झोपवून ठेवण्याचं काम पानांकडे असतं. आधीच्या चक्रीवादळांनी आणि खाऱ्या वाऱ्याने पानं अकाली झडली आणि कळ्यांना ऊब लागताच त्या उमलल्या. म्हणून उद्या आपल्या गुलमोहरावर आडवेळी चार फुलं दिसली तर 'झाड बरं झालं' असा जल्लोष नको, आणि महिनाभर काहीच दिसलं नाही तर कुऱ्हाडही नको.

थांबा म्हणजे काहीच करू नका असं नाही. लोंबकळणारी फांदी आजच्या आज उतरवायला हवी. तिच्याखालून मुलांची ये-जा असते आणि अशी अडकलेली फांदी वारा नसतानाही निसटते. ती उतरेपर्यंत फाटकाची ती बाजू दोरी बांधून बंद ठेवा. विजेच्या तारेला फांदी कुठे टेकली असेल तर वीज कंपनीने पुरवठा बंद केल्याशिवाय कोणी हातही लावू नये, बांबूनेसुद्धा नाही. ओला बांबू वीज वाहून नेतो. आणि हे काम रखवालदाराला सांगू नका. वाकून ताणलेली फांदी कापली की ती कुठल्या दिशेला उसळेल हे अनुभवी माणसालाच कळतं. शिडीवर उभं राहून यांत्रिक करवत चालवणारा माणूस पाहिला की मला झाडापेक्षा त्याची काळजी वाटते.

आता मुद्द्याचा भाग. कापायचं कसं?

तुमच्यापुढे असलेला दुसरा पर्याय मला कळला आहे: झाड पूर्ण काढायचं नसेल तर 'वरून सगळं सपाट करून देतो', म्हणजे उरलेल्या दोन्ही मुख्य फांद्या मध्येच आडव्या छाटून खुंट ठेवायचे. हा मधला मार्ग वाटतो, म्हणून तो जास्त धोक्याचा आहे. झाड मुळासकट काढलं तर निदान आपण काय केलं ते आपल्याला कळतं. शेंडे उडवलेलं झाड सुरुवातीला छान दिसतं. खुंटाभोवती दाट हिरवे फुटवे येतात, सगळे म्हणतात, बघा, कसं जोमाने फुटलं. हे फुटवे जोमाचे नसतात, निकडीचे असतात. पानं गेल्यामुळे उपाशी पडलेलं झाड सालीखाली झोपलेले डोळे, म्हणजे सुप्त कोंब, जागे करतं. मूळची फांदी खोडाच्या लाकडात वर्षानुवर्षं गुंफत वाढलेली असते. हे फुटवे मात्र फक्त बाहेरच्या थराला चिकटलेले असतात. बागायतदार अशा सरळसोट वाढणाऱ्या फुटव्यांना पाणसोट म्हणतात आणि फळबागेत ते ठेवत नाहीत. इकडे फुटवे वाढून मनगटाएवढे होतात आणि तिकडे खालचा खुंट वरून कुजत येतो. चार-पाच वर्षांनी अशाच वादळात हे फुटवे बुडापासून निखळतात. 'गुलमोहर ठिसूळच' असं आपण तेव्हा म्हणणार, आणि पुन्हा सपाट करणारा बोलावणार.

गुलमोहर ठिसूळ आहे, हे खरंच. त्याचं लाकूड मऊ आणि कमकुवत असतं, ओलीत लवकर कुजतं, आणि उंचीपेक्षा घेर मोठा असल्यामुळे आडव्या लांब फांद्यांवर टोकाला वजन येतं. मूळचं हे झाड मादागास्करचं. उष्ण प्रदेशांत जगभर ते पोचलं ते त्याच्या छत्रीसारख्या सावलीमुळे आणि फुलांमुळे. पण कुजण्याची सवय असलेल्या झाडाला मोठ्या जखमा करणं हा उपाय कसा होईल? ज्याचं लाकूड कच्चं, त्याच्या जखमा लहान ठेवायच्या आणि योग्य जागी करायच्या.

ही योग्य जागा कुठली, हे सांगणाऱ्या माणसाचं नाव अॅलेक्स शायगो. अमेरिकेच्या वन सेवेतले हे शास्त्रज्ञ. त्यांनी यांत्रिक करवतीने हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहिलं आणि १९७० च्या दशकात जे मांडलं त्याने छाटणीचे जुने नियम उलटेपालटे झाले. प्राण्याची जखम भरते, तिथे नवी पेशी जुनीची जागा घेते. झाडात असं होत नाही. झाड दुखावलेलं लाकूड दुरुस्त करत नाही. ते त्याला बंदिस्त करतं आणि पुढची वाढ त्याच्या बाहेरून करतं. त्यासाठी ते चार बाजूंनी अडसर उभे करतं. जखमेच्या वर-खाली जाणाऱ्या नळ्या बुजवणारा अडसर सगळ्यांत कच्चा, म्हणून कूज खोडात उभी लांबवर धावते. जखम झाल्यानंतर जो नवा थर धरतो त्याची सीमा सगळ्यांत पक्की. झाडाला ती सीमा बांधायला वेळ आणि जागा मिळणं, हेच छाटणीचं सारं कौशल्य.

आणि ती जागा झाडाने स्वतःच आखून ठेवलेली असते. फांदी खोडाला मिळते तिथे तिच्या बुडाशी किंचित फुगवटा असतो, शर्टाच्या बाहीला खांद्यापाशी शिवण असते तसा. वरच्या बेचक्यात सालीची एक खरखरीत, सुरकुतलेली रेघ असते. कापायचं ते या रेघेच्या आणि फुगवट्याच्या अगदी बाहेरून. फुगवट्यातलं लाकूड खोडाचं असतं, फांदीचं नव्हे; कूज अडवणारी ताकद तिथेच असते. सफाईदार दिसावं म्हणून खोडाला चिकटून कापलं तर तो फुगवटा जातो आणि जखम दुप्पट होते. कुठे चुकू नये म्हणून वीतभर खुंट ठेवला तर तो खुंट सुकतो, कुजतो, आणि त्याच्यावरून नवी साल चढू शकत नाही. आपल्या आवारातल्या जुन्या छाटण्या पाहा, या दोनच प्रकारच्या सापडतील.

जड फांदी एका घावात कापायची नाही. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश इतका काप घ्यायचा. मग त्याच्या थोडं बाहेर वरून कापायचं. फांदी स्वतःच्या वजनाने मोडते, पण खालच्या कापामुळे साल सोलत खोडावर येत नाही. शेवटी उरलेला हलका तुकडा हाताने धरून फुगवट्याच्या बाहेर नीट कापायचा. वादळाने आपल्या गुलमोहराची हातभर साल नेली ती खालून काप नसल्यामुळेच, असं म्हणा हवं तर. तोडणाऱ्या माणसाने तीच गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर, पैसे घेऊन करू नये एवढीच अपेक्षा. फांदी दोर लावून उतरवावी. खालची फरशी आणि खालच्या शाबूत फांद्या दोन्ही वाचतात.

मोडलेली फांदी काढल्यावर हात शिवशिवतात. 'आलाच आहे तर समोरचीही थोडी कमी करून घेऊ, तोल साधेल.' इथे समितीतल्या कोणीतरी खाली उभं राहून नको म्हणायला हवं. निरोगी झाडाचीसुद्धा एका वर्षात पाव हिश्श्यापेक्षा जास्त हिरवी वाढ काढू नये असा संकेत आहे, आणि आपल्या झाडाचा तो वाटा वादळाने आधीच उचलला आहे. या वर्षी फक्त मोडलेलं, पिचलेलं आणि मेलेलं काढायचं. आकार पुढच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू आणता येतो. मधल्या बारीक फांद्या 'हवा खेळावी म्हणून' साफ करून टोकांना झुपके ठेवण्याची जी पद्धत आहे तीही नको. त्याने वजन टोकाला जातं आणि लांब फांदी जास्त हेलकावते. उलट लांब फांदीचं टोक एखाद्या सक्षम आडफांदीपर्यंत मागे आणलं तर भार कमी होतो आणि फांदीचं फांदीपण राहतं. हे काम पुढच्या वर्षी करू.

फुलांचं काय, असा प्रश्न सभेत येईलच, कारण गुलमोहर फुलला की फाटकापाशी फोटो काढायला आपण सगळेच उभे असतो. गुलमोहराचा मोहर फांद्यांच्या टोकांशी येतो. टोकं गेली, मोहर गेला. पुढच्या उन्हाळ्यात मोडलेल्या बाजूला फुलं नसतील, कदाचित दोन उन्हाळे नसतील, हे आताच सांगून ठेवते. एरवी फुलझाडांच्या छाटणीला वेळ पाहावी लागते. ज्यांच्या कळ्या आदल्या मोसमाच्या लाकडावर धरतात त्यांची छाटणी बहर संपल्यावर लगेच करायची. तामण किंवा सावनीसारखी जी नव्या फुटीवर फुलतात त्यांची, नवी फूट यायच्या आधी. पण मोडलेल्या फांदीला मुहूर्त नसतो. फाटलेलं लाकूड ताबडतोब स्वच्छ कापायचं, बहराचा विचार नंतर.

खोडावरच्या सोललेल्या पट्ट्याला डांबर किंवा तैलरंग फासू नका. दिसायला जखम झाकली जाते, पण लेपाखाली ओल टिकते आणि कूज काही थांबत नाही; हेही शायगोंनीच दाखवून दिलं. फळबागेत कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावतात त्याचा दाखला कोणी देईल. तिथे ती डिंक्यासारख्या (खोडातून डिंक गळणाऱ्या) ठरावीक रोगाविरुद्ध असते, भेगा बुजवण्यासाठी नव्हे. खोडाच्या पोकळीत सिमेंट भरण्याचा प्रकार तर जाणकारांनी सोडून दिला आहे. झाड हलतं, सिमेंट हलत नाही. आपल्याला करायचं ते इतकंच: सालीच्या लोंबत्या चिंध्या धारदार, स्पिरिटने पुसलेल्या चाकूने कापायच्या, जिवंत सालीची कड गुळगुळीत करायची, जखम शक्यतो वाढवायची नाही आणि ती उघडी सोडायची. वर्षभरात कडेने नव्या सालीची गुंडाळी आत सरकताना दिसेल.

आता जमिनीकडे या. गुलमोहराच्या बुंध्याला खेटून फरशा बसवल्या आहेत आणि रोज त्यांवर दुचाकी उभ्या असतात. तुडवलेल्या मातीत हवा राहत नाही, आणि मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. याबद्दल लंडनजवळच्या क्यू बागेत वादळानेच एक धडा दिला. ऑक्टोबर १९८७ मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये आलेल्या वादळात सुमारे दीड कोटी झाडं पडली, एकट्या क्यूमध्ये सातशेच्या आसपास. तिथल्या टर्नर ओक नावाच्या जुन्या वृक्षाला वाऱ्याने मुळांच्या चकतीसह उचललं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. ते झाड वादळाआधीच खंगत चाललं होतं. मोठ्या पडझडीत त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता, म्हणून त्याला टेकू देऊन ठेवलं. काही वर्षांनी पाहतात तर झाड पूर्वीपेक्षा जोमदार. उलगडा असा झाला की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांनी दगडासारखी झालेली माती त्या धक्क्याने मोकळी झाली होती. तेव्हापासून तिथे जुन्या झाडांखालची माती दाबाची हवा सोडून मोकळी करू लागले. आपल्याला यंत्र नको. बुंध्याभोवतीच्या फरशा जमेल तितक्या लांबपर्यंत उचला, दुचाकी दुसरीकडे लावा आणि उघड्या मातीवर काटक्या-पानांचं पाच ते दहा सेंटिमीटर जाड आच्छादन पसरा, फक्त ते खोडाला टेकू देऊ नका. छाटलेल्या फांद्यांचा चुराच त्यासाठी चालेल. पाऊस नसेल तेव्हा भरपूर, खोलवर मुरेल असं पाणी द्या. खत मात्र या वर्षी नको. नत्र दिलं की झाड साठवलेलं अन्न कोवळ्या फुटीवर उधळतं, आणि ते अन्न त्याला आता जखमा बंदिस्त करायला हवं आहे.

बहाव्याबद्दल थोडक्यात. त्याचं खोड मुठीत मावेल एवढं आहे, अर्धी मुळं अजून जमिनीत आहेत, तो नक्की वाचेल. पण उघडी पडलेली मुळं वाळायच्या आत त्याला उभं करायला हवं. तोवर मुळांवर ओलं गोणपाट टाका. मुळांखालची माती उकरून, हळूहळू सरळ करून, दोन-तीन खुंट्या ठोकून रुंद पट्ट्याने बांधा. तार नको, नळीत ओवलेली तारही नको. ती साल कापते. बांधणी थोडी सैल हवी, कारण वाऱ्यात हलल्यानेच खोड जाड होतं. आणि वर्षभराने पट्टे सोडायची आठवण कोणाच्या तरी नावावर टाका. पट्टा सालीत रुतून मेलेली झाडं मी वादळात पडलेल्या झाडांइतकीच पाहिली आहेत.

शेवटी पैशांचा आणि वयाचा मुद्दा. 'एवढं करून किती वर्षं जगणार?' गुलमोहर काही वडासारखा शतकं काढत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मोडक्या फुलझाडावर कष्ट घेतले तर काय होतं याचं एक टोकाचं उदाहरण सांगते. जपानच्या गिफू प्रांतात उसुझुमी नावाने ओळखलं जाणारं चेरीचं झाड आहे, वय सुमारे दीड हजार वर्षं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते मरणाला टेकलं होतं, तेव्हा एका दंतवैद्याने रानातल्या कोवळ्या चेरीची दोनशेहून अधिक मुळं त्याच्या मुळांवर कलम केली आणि झाड पुन्हा फुललं. १९५९ च्या इसे आखातातल्या चक्रीवादळाने त्याच्या मोठ्या फांद्या मोडल्या. काही वर्षांनी लेखिका उनो चियो ते पाहायला गेल्या, त्याची दशा पाहून त्यांनी लिहिलं आणि प्रांताच्या राज्यपालांना पत्र पाठवून झाड वाचवण्याची विनंती केली. आज ते झाड लाकडी टेकूंवर उभं आहे आणि दर वसंतात फुलतं. माझं पत्र राज्यपालांना नाही, तुम्हाला आहे, आणि मागणी त्यापेक्षा फारच लहान आहे.

सोनमोहर काढा. त्याआधी आणि गुलमोहराला हात लावण्याआधीही, जिथे परवानगी लागते तिथून ती लेखी घ्या. गुलमोहराची मोडकी फांदी लगेच उतरवा, पण बाकी छाटणीसाठी लाकूडवाला नव्हे तर झाडांवर चढून काम करणारा प्रशिक्षित माणूस बोलावा आणि करवत चालू होण्याआधी त्याला विचारा, 'काप नेमका कुठे घेणार?' त्याने फुगवट्याकडे बोट दाखवलं तर काम द्या. 'काढून टाका' हा ठराव पुढचा बहर होऊन जाईपर्यंत तहकूब ठेवा. तेव्हा पालवी कुठे आली, कुठे नाही, हे सगळ्यांना दिसेल आणि वाद घालायला पुरावा असेल. सोनमोहराच्या जागी, टाकीपासून पुरेशा अंतरावर, तामण लावा, म्हणजे कधीकाळी गुलमोहर गेलाच तर आवार उघडं पडणार नाही. पाणी घालण्याच्या आणि बहाव्याचे पट्टे सोडण्याच्या जबाबदारीपुढे माझं नाव लिहिलंत तर हरकत नाही.

आपली,
एक रहिवासी

ता. क. चाफ्याच्या मोडलेल्या फांद्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. फाटलेलं टोक धारदार चाकूने सरळ कापून, पानं काढून, त्या आठवडाभर सावलीत आडव्या ठेवल्या की चीक सुकतो आणि काप कोरडा पडतो. मग वाळूमिश्रित मातीत खोचायच्या आणि मुळं धरेपर्यंत पाणी बेतानेच द्यायचं. जास्त झालं तर बूड कुजतं. चीक हाताला, डोळ्यांना लागू देऊ नका. मी दोन फांद्या उचलून जिन्याखाली ठेवल्या आहेत. बाकीच्या अजून तिथेच पडून आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी न्याव्यात.